भाग जुळत नाहीत तेव्हा : सहा बंधनांचा इतिहास

तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये यंत्रांचे आराखडे आता संगणकावर काढायला शिकवतात. कॅड या नावाने ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. आधी एकेक सुटा भाग काढायचा, म्हणजे प्लेट, बोल्ट, शाफ्ट, बेअरिंग. आणि मग हे भाग पडद्यावर एकमेकांना जोडायचे. जोडायचे म्हणजे संगणकाला अटी सांगायच्या. या प्लेटचा पृष्ठभाग त्या प्लेटला टेकलेला असावा, या भोकाचा अक्ष त्या भोकाच्या अक्षावर यावा, वगैरे. पहिल्या काही अटी संगणक बिनबोभाट मान्य करतो. मग आणखी एक अट दिली की पडद्यावर लाल खूण उमटते : बंधने जास्त झाली, ही अट पाळता येत नाही. विद्यार्थी गोंधळतो. दोन प्लेट, प्रत्येकीला दोन भोके आणि दोन बोल्ट, इतका हा साधा जोड. कारखान्यात असे जोड रोज होतात. मग संगणकालाच काय अडचण यावी?

या प्रश्नाचे उत्तर संगणकाहून पुष्कळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकात मोजमापाची उपकरणे नीट बसवण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झगडत होते. त्यांचे उत्तर ‘सहा’ या एका आकड्यात मावते. पण हा आकडा नुसता मोजून भागत नाही, हे पुरते उमगायला आणखी बराच काळ जावा लागला. त्या आकड्याची आणि त्याच्या अपुरेपणाची ही गोष्ट आहे.

सहा कसे?

फळा पुसायचे डस्टर हातात घ्या. ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असे तीन प्रकारे सरकवता येते. शिवाय या तीन दिशांच्या अक्षांभोवती तीन प्रकारे फिरवता येते. म्हणजे मोकळ्या वस्तूला हालचालीच्या सहा मोकळिका असतात. कोणतीही हालचाल या सहांच्या मिश्रणातून मिळते, सातवी लागत नाही.

आता डस्टर टेबलावर ठेवा. वर-खाली सरकणे बंद झाले आणि दोन बाजूंना कलणेही बंद झाले. तीन मोकळिका गेल्या, तीन उरल्या : दोन दिशांनी सरकणे आणि बसल्या जागी गिरकी घेणे. आता त्याची लांब बाजू एका सरळ पट्टीला टेकवा. आणखी दोन मोकळिका गेल्या. शेवटी एका टोकाला खडूचा डबा ठेवा. सहावीही गेली. डस्टर उचलून पुन्हा तसेच टेकवले की ते नेमके पहिल्या जागी येते. तीन अधिक दोन अधिक एक, असे सहा. कारखान्यात फिक्स्चरमध्ये काम पकडताना कारागीर हाच ‘तीन-दोन-एक’चा नियम पाळतात.

हा विचार उपकरणांच्या रचनेत काटेकोरपणे मांडला तो विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) आणि पीटर टेट यांनी, १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात. त्यांची युक्ती अशी. उपकरणाला तीन गोलसर पाय द्यायचे. खालच्या पाटावर एका पायासाठी तीन बाजूंचा खोलगट खड्डा करायचा, दुसऱ्यासाठी त्या खड्ड्याच्या दिशेने जाणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, आणि तिसऱ्यासाठी काहीच नाही, नुसता सपाट पृष्ठभाग. पहिला पाय तीन ठिकाणी टेकतो, दुसरा दोन ठिकाणी, तिसरा एका ठिकाणी. एकूण सहा. उपकरण उचलून परत ठेवले तर ते हुबेहूब जुन्या जागी बसते. उन्हाने धातू प्रसरण पावला तरी दुसरा पाय खाचेतून अलगद सरकतो आणि कुठेही ताण येत नाही. ही खाच लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

बंधने सहापेक्षा जास्त झाली तर काय होते? हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे वैज्ञानिक उपकरणांचे मोठे प्रदर्शन भरले होते, त्या निमित्ताने लिहिलेल्या लेखात सांगितले आहे. उपकरणाचे भाग घन असले तरी पूर्णपणे ताठ नसतात. गरजेपेक्षा जास्त ठिकाणी आवळले की ते आतून ताणले जातात, वाकतात आणि मोजमाप बिघडते. याचा घरगुती दाखला म्हणजे तिवई आणि खुर्ची. तिवई कसल्याही ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तिचे तीन पाय हवी तेवढीच बंधने घालतात. खुर्चीचा चौथा पाय हे एक जादा बंधन आहे. जमीन किंवा पाय किंचित कमीजास्त असला की खुर्ची डुगडुगते. वर माणूस बसला की लाकूड जरासे वाकते आणि चारही पाय टेकतात. लाकूड सांभाळून घेते.

संगणकातला भाग मात्र असे सांभाळून घेत नाही. त्याच्या हिशेबात प्रत्येक भाग अगदी ताठ असतो, केसभरही वाकत नाही. म्हणून लाकडात जिथे ताण येतो तिथे पडद्यावर लाल खूण येते. मॅक्सवेल ज्याला ताण म्हणत होते त्याचेच हे आजचे रूप.

मोजणीचा चकवा

मग सहा मोजले की काम झाले? या ठिकाणी गोष्टीला वळण मिळते.

मॅक्सवेल यांनीच १८६४ साली सांगाड्यांसाठी एक हिशेब मांडला होता. अवकाशात प्रत्येक सांध्याला तीन मोकळिका असतात. सांधे न असतील तर एकूण ३न. प्रत्येक दांडी दोन सांध्यांमधले अंतर पक्के करते, म्हणजे एक मोकळीक काढून घेते. अखंड सांगाड्याच्या सहा मोकळिका तशाच ठेवायच्या, म्हणून सांगाडा ताठ व्हायला सर्वसाधारणपणे ३न – ६ दांड्या लागतात. चार सांध्यांच्या त्रिकोणी पिरॅमिडला सहा काड्या लागतात, हिशेब बरोबर. कागदाच्या सपाटीवर हाच नियम २न – ३ असा होतो : त्रिकोणाला तीन, चौकोनाला पाच, म्हणजे चार बाजू आणि एक कर्ण.

आता वर्गात एक प्रयोग करून पाहा. अरविंद गुप्ता यांनी शाळाशाळांत पोचवलेला, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांचा मेकॅनो अनेक शिक्षकांना माहीत आहे. सारख्या लांबीच्या नऊ काड्या घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण करा. त्याच्या वरच्या बाजूला तीन काड्यांनी एक शिखर उभारा आणि खालच्या बाजूलाही तसेच एक. पाच सांधे आणि नऊ काड्या झाल्या. ३ × ५ – ६ = ९. हिशेब जुळतो आणि आकृतीही ताठ असते. अशीच दुसरी आकृती करा. मग पहिलीचे वरचे शिखर दुसरीच्या वरच्या शिखराला आणि खालचे खालच्याला दोऱ्याने बांधा. आता एकूण सांधे आठ आणि काड्या अठरा. ३ × ८ – ६ = १८. हिशेब पुन्हा अगदी बरोबर!

पण जोड हातात धरून बघा. दोन्ही अर्धे दोन शिखरांमधून जाणाऱ्या रेषेभोवती पुस्तकाच्या पानांसारखे उघडतात आणि मिटतात. काड्यांची संख्या पुरेशी असूनही आकृती ताठ नाही. दोन केळी टोकाला टोक लावून ठेवल्यासारखी ही रचना दिसते, म्हणून गणितज्ञ तिला ‘जोडकेळे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

एक काडी कुठे वाया गेली? दोन शिखरांमधले अंतर पहिली आकृती एकदा पक्के करते आणि दुसरी आकृती तेच अंतर पुन्हा पक्के करते. एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली. म्हणून दुसरी एक गोष्ट, म्हणजे दोन अर्ध्यांमधला कोन, सांगायची राहून गेली. बेरीज बरोबर आली, पण वाटप चुकले. एका ठिकाणी बंधन जादा आणि दुसऱ्या ठिकाणी कमी.

मग वाटपही तपासायचे ठरवले तर? सपाटीवरच्या सांगाड्यांसाठी हे जमते. एकूण दांड्या २न – ३ असाव्यात आणि शिवाय सांगाड्याच्या कोणत्याही भागात, त्या भागाच्या सांध्यांना धरून, या हिशेबापेक्षा जास्त दांड्या असू नयेत. या दोन अटी पुरेशा आहेत, हे हिल्डा गायरिंगर यांनी १९२७ साली दाखवून दिले. गायरिंगर तेव्हा बर्लिनला शिकवत होत्या. त्या ज्यू असल्यामुळे १९३३ साली नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली. त्या इस्तंबूलला आणि तिथून अमेरिकेला गेल्या. त्यांचे हे काम विस्मरणात गेले. १९७० साली हेरार्ड लामान या डच गणितज्ञाने तोच नियम स्वतंत्रपणे सिद्ध केला आणि पुढे अनेक वर्षे तो एकट्या लामान यांच्या नावाने ओळखला गेला. गायरिंगर यांचे नाव त्याला जोडले जाऊ लागले ते अलीकडे.

अवकाशातल्या सांगाड्यांना मात्र हा नियमही पुरत नाही. जोडकेळ्याचा कोणताही भाग तपासला तरी काड्या हिशेबाबाहेर जात नाहीत आणि तरीही ते हलते. दांड्या आणि सांधे यांच्या त्रिमितीय सांगाड्यांसाठी केवळ मोजणीचा परिपूर्ण नियम आजही सापडलेला नाही.

दाराच्या बिजागऱ्या

मोजणी उलट बाजूनेही चकवते. दाराची एक बिजागरी दाराला फक्त उघड-मीट करू देते, म्हणजे सहापैकी पाच मोकळिका काढून घेते. दोन बिजागऱ्या लावल्या तर दहा बंधने झाली. सहातून दहा वजा केले तर दार हलायलाच नको. पण ते हलते, कारण दोन्ही बिजागऱ्यांचे अक्ष एकाच रेषेत असतात. दुसरी बिजागरी पहिलीचेच म्हणणे पुन्हा सांगते. सुताराने ती जराशी तिरकी बसवली की दोघींचे म्हणणे वेगवेगळे होते आणि दार करकरते, अडकते किंवा स्क्रू उपटून येतात.

म्हणजे जादा बंधनाचे दोन प्रकार झाले. एक निरुपद्रवी : तेच पुन्हा सांगणारे. दुसरे विरोधी : आधीच्या बंधनाला खोडून काढणारे. या दोन्हींत फरक फक्त मापाचा असतो, तोही कधी कधी केसभर.

संगणकाला अटी सांगणे

संगणकावरच्या चित्राला अशी बंधने घालण्याची सुरुवात १९६३ साली झाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, आयव्हन सदरलँड यांनी पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली लिहिली. ती लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर चालत असे. प्रकाशलेखणीने पडद्यावर वेडावाकडा षट्कोन काढायचा, त्याची टोके वर्तुळावर असावीत आणि बाजू सारख्या असाव्यात असे सांगायचे, की संगणक तो नीटनेटका करून देई. गरज पडेल तिथे सदरलँड यांची रीत अशी : प्रत्येक अट किती मोडली आहे ते मोजायचे आणि एकूण चूक कमी होईल असे बिंदू थोडे थोडे हलवत राहायचे. अटी एकमेकींशी जुळत्या असतील तर चूक शून्यापर्यंत येते. विरोधी असतील तर ती शून्य होऊच शकत नाही.

घन वस्तूंसाठी ही कल्पना स्कॉटलंडमध्ये यंत्रमानवाच्या निमित्ताने पुढे गेली. एडिंबरा विद्यापीठातला ‘फ्रेडी’ हा यंत्रमानव १९७३ साली लाकडी खेळण्यातली मोटार जोडू शकत होता. पण प्रत्येक भाग नेमका कुठे ठेवायचा याचे आकडे माणसाने पुरवणे फार किचकट होते. पॅट्रिशिया अँब्लर आणि रॉबिन पॉपलस्टोन यांनी १९७५ साली वेगळी वाट सुचवली. आकडे देऊ नका, नाते सांगा : हा पृष्ठभाग त्याला ‘टेकलेला’, ही खुंटी त्या भोकात ‘बसलेली’. जागा संगणकाने शोधून काढावी. आज कॅडमध्ये भाग जोडताना आपण याच प्रकारची नाती सांगतो.

पुढे एमआयटीत डेव्हिड गोसार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मापे आणि जोडणीची नाती समीकरणांच्या रूपात मांडली. १९८८ साली बाजारात आलेल्या ‘प्रो-इंजिनिअर’ने मापे आणि नाती यांवर उभा राहिलेला आराखडा कारखान्यांत पोचवला. ती काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक सॅम्युएल गाइसबर्ग हे लेनिनग्राडहून अमेरिकेत आलेले गणितज्ञ होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९८९ साली ‘डी-क्यूब्ड’ ही कंपनी निघाली. बंधनांची समीकरणे सोडवणारा गाभा तयार करून तो इतर कॅड कंपन्यांना पुरवायचा, हा तिचा व्यवसाय. तिचे जॉन ओवेन यांनी १९९१ साली दाखवले, की सपाट आकृत्यांतली कितीतरी बंधने त्रिकोणांमागून त्रिकोण सोडवत, भूमितीच्या तासाला कंपासपट्टीने रचना करतो तशी सुटतात. १९९५ साली ‘सॉलिडवर्क्स’ आली आणि हे सारे साध्या कार्यालयीन संगणकावर चालू लागले.

लाल खुणेचा अर्थ

आता सुरुवातीच्या दोन प्लेटकडे वळू आणि हिशेब मांडू. खालची प्लेट पक्की आहे, वरची जोडायची आहे.

पहिली अट : दोन्ही पृष्ठभाग टेकलेले. तीन मोकळिका गेल्या, तीन उरल्या. दुसरी अट : पहिल्या भोकांचे अक्ष एकाच रेषेत. अक्ष जुळवणे म्हणजे चार बंधने, दोन सरकण्याची आणि दोन कलण्याची. पण कलणे पृष्ठभागांनी आधीच बंद केले आहे. म्हणून नवी बंधने दोनच, उरलेली दोन जादा. आता एकच मोकळीक शिल्लक आहे : त्या भोकाभोवती प्लेट फिरणे. तिसरी अट : दुसऱ्या भोकांचे अक्षही एकाच रेषेत. हवे होते एक बंधन आणि दिली चार. तीन जादा. एकंदर ३ + ४ + ४ = ११ बंधने, गरज सहाची, जादा पाच.

या पाचांपैकी चार एकच गोष्ट सांगतात : भोके पृष्ठभागाशी काटकोनात आहेत. पाचवे सांगते, की दोन्ही प्लेटमधल्या भोकांचे अंतर सारखे आहे. हे खरोखर सारखे असेल तर संगणक काही बोलत नाही, दार उघडते तसा जोड जुळतो. पण एका प्लेटवर अंतर ४० मिलिमीटर आणि दुसरीवर ३९.९८ असेल तर जोड अशक्य ठरतो. प्रत्यक्षात ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक ६.६ मिलिमीटरचे पाडतात. दोन शतांश मिलिमीटरचा फरक त्या जागेत कुठल्याकुठे विरून जातो. संगणकाला आपण मात्र ‘बोल्ट भोकातून जावा’ असे सांगितलेले नसते. ‘अक्ष तंतोतंत जुळावेत’ असे सांगितलेले असते. त्याने आपले शब्द शब्दशः घेतले, एवढेच.

यावर कारागिरांचा उपाय मजेदार आहे. फिक्स्चरमध्ये प्लेट नेमकी बसवायची असते तेव्हा ते एका भोकासाठी गोल पिन घेतात, तर दुसऱ्यासाठी दोन बाजूंनी छाटलेली पिन. किंवा दुसऱ्या भोकाऐवजी पहिल्या भोकाच्या दिशेने लांबट खाच पाडतात. केल्व्हिन आणि टेट यांची खाच ती हीच! अंतराचे जादा बंधन तेवढे काढून टाकले, फिरणे मात्र थांबवले. पडद्यावरही हेच करावे. दुसऱ्या भोकाचे अक्ष जुळवण्याऐवजी दोन्ही प्लेटच्या कडा समांतर असाव्यात अशी अट द्यावी.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ‘दोन पृष्ठभाग एकाच पातळीत’ या अटीची उत्तरे दोन असतात : तोंडे समोरासमोर, किंवा तोंडे एकाच दिशेला. प्रो-इंजिनिअरमध्ये यासाठी ‘मेट’ आणि ‘अलाइन’ अशी दोन वेगळी नावे होती. इथे चुकीची निवड झाली तर भाग उलटा बसतो आणि पुढची अगदी योग्य अट विरोधी ठरते.

म्हणून लाल खूण दिसली की शेवटची अट पुसून मोकळे होऊ नये. खूण शेवटच्या अटीवर उमटली तरी दोष आधीच्या एखाद्या अटीत असू शकतो. विद्यार्थ्यांना कागदावर सहा मोकळिका लिहायला सांगा, आणि प्रत्येक अटीने त्यातली कोणती गेली ते समोर नोंदवायला सांगा. एक अट तात्पुरती बाजूला ठेवून भाग ओढून पाहायचा : जो हलतो तेवढेच काम ती अट करत होती. काहीच हलले नाही, तर ती दुसऱ्या कुणाचे तरी म्हणणे पुन्हा सांगत होती.

यानंतर जोडकेळ्याच्या प्रयोगाकडे परत या. एका अर्ध्यातल्या वरच्या तीन काड्या थोड्या लांब घ्या आणि दोन्ही शिखरे बांधायचा प्रयत्न करा. ती बांधली जात नाहीत. मग वर्गाला विचारा, कोणता अर्धा चुकला? दोन्ही अर्धे आपापल्या जागी ताठ आणि निर्दोष आहेत. कुणी म्हणेल लांब काड्या बदला, कुणी म्हणेल आखूड. आपण काय बनवायला निघालो होतो हे ठरल्याशिवाय या वादाचा निकाल लागत नाही. संगणक विरोध कुठे आहे ते दाखवू शकतो. दोघांतले कोणते माप राखायचे, हे मात्र त्याला आराखडा करणाऱ्यानेच सांगावे लागते.